दोन गुणकारी औषधांची गाठ

दमा हा प्राण घेण्यापूर्वी शंभर वेळा प्राण कंठाशी आणणारा रोग आहे. पावसाळा सरून थंडी पडू लागली, की दमेकऱ्याच्या छातीत कफ दाटतो, अंग कसकसते, कफाचा रंग पालटतो. आणि मग त्याच्या नेहमीच्या औषधाच्या जोडीला जंतूंचा नाश करणारे एखादे प्रतिजैविक दिले जाते. दोन्ही औषधे गुणकारी, दोन्ही नावाजलेली, दोन्हींची मात्रा बिनचूक. तरीही कित्येकदा असे घडे, की चार दिवसांनी रोग्याला मळमळू लागे, हातांना कंप सुटे, छाती धडधडे, रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नसे. घरातील माणसे म्हणत, आजार बळावला. वस्तुतः आजार बळावलेला नसे. दोन औषधांची देहात गाठ पडलेली असे, आणि त्यांपैकी एकाने दुसऱ्याची बाहेर जाण्याची वाट अडवलेली असे. ही गोष्ट आज सांगावयास सोपी आहे. पण ती ध्यानात येण्यास वैद्यकशास्त्राला जवळजवळ एक पिढी खर्ची घालावी लागली. त्या काळात काही माणसे हकनाक दगावली, आणि काही डॉक्टरांनी औषधांच्या या गाठीलाच रोगावरचा उतारा मानले. त्या शोधाची हकिगत जाणून घेण्यासारखी आहे.

या हकिगतीचा आरंभ औषधालयात नव्हे, तर कॉफीच्या पेल्यात होतो. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये हेन्री हाइड सॉल्टर नावाचे एक डॉक्टर होते. ते स्वतः लहानपणापासून दम्याने पिडलेले होते, त्यामुळे त्यांचे या रोगाविषयीचे लेखन नुसते पुस्तकी नव्हते. १८५९ साली त्यांनी असे लिहिले, की दम्याच्या उबळीवर कडक कॉफीसारखा दुसरा सोपा उपाय नाही. मात्र ती दूध-साखरेवाचून आणि अनशापोटी घेतली पाहिजे. कॉफीने झोप उडते आणि झोप उडाली की दमा सैल पडतो, अशी त्यांची उपपत्ती होती. उपपत्ती चुकीची असली, तरी अनुभव खरा होता. कॉफीतील कॅफीन श्वासनलिकांभोवतालच्या आवळलेल्या स्नायूंना थोडेबहुत सैल करते.

पुढे १८८८ साली आल्ब्रेख्त कॉसेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला चहाच्या अर्कात कॅफीनचेच एक भावंड सापडले. त्याला त्याने थिओफायलिन, म्हणजे चहाच्या पानातले द्रव्य, असे नाव दिले. याच कॉसेलला १९१० साली पेशींच्या रसायनाविषयीच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. थिओफायलिनचा उपयोग प्रथम लघवी साफ होण्यासाठी करण्यात आला. त्या वेळी दम्याचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. १९२१ साली अमेरिकेत मॅक्ट आणि टिंग यांनी डुकराच्या श्वासनलिकेवर त्याचा प्रयोग करून स्नायू सैल पडतात असे दाखविले, आणि १९२२ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे हिर्श यांनी ते दमेकऱ्यांना देऊन पाहिले. १९३७ साली त्याच्याच ॲमिनोफायलिन या रूपाचे शिरेतून दिलेले इंजेक्शन, ॲड्रिनॅलिनलाही दाद न देणाऱ्या दम्यात उपयोगी पडल्याचे अमेरिकेतून प्रसिद्ध झाले. तेव्हापासून पुढील सुमारे पन्नास वर्षे थिओफायलिन हे दमेकऱ्यांचे मोठे आधारस्थान होते. एटोफायलिन आणि थिओफायलिन यांच्या जोडगोळ्या आपल्याकडील कित्येक घरांत चहासाखरेच्या डब्यांइतक्याच परिचयाच्या झाल्या.

परंतु हे औषध मोठे मानी. त्याचा गुण आणि त्याचा अपाय यांच्यामध्ये अंतर थोडे. १९७३ साली मिटेन्को आणि ओगिल्व्ही या दोन संशोधकांनी मोजमाप करून सांगितले, की दर लिटर रक्तद्रवात थिओफायलिन १० ते २० मिलिग्रॅम असावे. दहाच्या खाली उतरले तर दमा ऐकत नाही, विसाच्या वर चढले तर मळमळ, वांती, धडधड सुरू होते; आणि त्याहून फार वर गेले तर अपस्मारासारखे झटके येतात, हृदयाचा ताल बिघडतो. १९७५ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरातून याहून चिंताजनक माहिती आली. ज्यांना असे झटके आले, त्यांतील कित्येकांना आधी मळमळीसारखी सौम्य पूर्वसूचनाही मिळाली नव्हती. म्हणजे धोक्याची घंटा वाजेलच याचा भरवसा नाही. ज्या औषधाचे माप असे काठोकाठ भरलेले असते, त्यात बाहेरून चमचाभर भर पडली तरी ते सांडावयाचेच. ही भर प्रतिजैविकांकडून पडत होती, याची मात्र १९७३ साली फारशी कोणाला कल्पना नव्हती.

प्रतिजैविकांचा उदय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला. पेनिसिलिनच्या मागोमाग स्ट्रेप्टोमायसिन आले, आणि मग जगाच्या कानाकोपऱ्यांतून मातीचे नमुने गोळा करून त्यांत जंतुनाशक बुरशा आणि सूक्ष्मजीव शोधण्याची एक लाटच उसळली. १९४९ साली फिलिपाइन्समधील इलोइलो प्रांतातून अबेलार्डो आगिलार या डॉक्टरने पाठविलेल्या मातीत एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक सापडले आणि १९५२ साली ते बाजारात आले. ज्यांना पेनिसिलिन सोसत नाही, त्यांच्यासाठी ते वरदान ठरले. त्याच कुळातले ओलिअँडोमायसिन आणि त्यापासून केलेले ट्रोलिअँडोमायसिन हेही त्याच दशकात आले. या कुळाला मॅक्रोलाइड असे म्हणतात. दमेकऱ्यांना छातीचे विकार वारंवार होतात, तेव्हा ही औषधे त्यांच्या वाट्याला अधिक येणे साहजिकच होते. चहाच्या पानातून निघालेले औषध आणि मातीतून निघालेले औषध यांची गाठ अशी रोग्याच्या देहात पडली.

या भेटीचे पहिले दर्शन मात्र संकटाच्या रूपाने झाले नाही; ते चमत्काराच्या रूपाने झाले. १९५९ साली अमेरिकेत असे प्रसिद्ध झाले, की जुनाट दम्याच्या रोग्यांना ट्रोलिअँडोमायसिन दिल्याने त्यांचा दमाच हलका होतो. त्या वेळी दमा हा काही अंशी छातीतील जंतूंमुळे होतो असे मानणारे पुष्कळ डॉक्टर होते. त्यांना यात नवल वाटले नाही. जंतू मेले, म्हणून दमा गेला, असे त्यांनी मानले. पुढे या प्रश्नाचा पाठपुरावा डेन्व्हर येथील नॅशनल ज्यूइश रुग्णालयात झाला. या रुग्णालयाची कथाही या विषयाला साजेशी आहे. ते १८९९ साली गरीब क्षयरोग्यांसाठी उघडण्यात आले होते. प्रतिजैविकांनी क्षयाच्या खाटा रिकाम्या केल्या, आणि पुढे त्या खाटांवर दमेकरी आले. एका रोगाला प्रतिजैविकाने हटविले, म्हणून दुसऱ्या रोगाचा अभ्यास करावयास सवड झाली, आणि त्या दुसऱ्या रोगाचे कोडे पुन्हा प्रतिजैविकानेच घातले.

१९७० साली त्या रुग्णालयातील इट्किन आणि मेन्झेल यांनी, आणि १९७४ साली स्पेक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्यांच्याकडील रोगी साधे नव्हते. १९५० पासून दम्यावर कॉर्टिझोन आणि त्याच्या कुळातील स्टेरॉइडे वापरली जात होती. ही औषधे जीव वाचवीत. पण रोज घेणाऱ्याचा चेहरा सुजे, हाडे ठिसूळ होत, मुलांची वाढ खुंटे. अशा स्टेरॉइडांवर जगणाऱ्या रोग्यांना ट्रोलिअँडोमायसिन दिले की त्यांच्यातील पुष्कळांची स्टेरॉइडाची मात्रा कमी करता येई. कफात जंतू असोत वा नसोत, गुण येई. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी, की हा गुण मेथिलप्रेड्निसोलोन हे विशिष्ट स्टेरॉइड घेणाऱ्यांतच ठळक दिसे. साधे प्रेड्निसोलोन घेणाऱ्यांत दिसत नसे. जंतू मारणारे औषध स्टेरॉइडाचे नाव विचारून गुण देते, हे कसे? ज्याला प्रश्न विचारण्याची सवय आहे, त्याला येथेच पाल चुकचुकल्यासारखे वाटावे.

कोड्याचा पहिला धागा १९७७ साली हाती लागला. वाइनबर्गर, हडगेल, स्पेक्टर आणि चिड्सी यांनी ट्रोलिअँडोमायसिन घेणाऱ्या दमेकऱ्यांच्या रक्तातील थिओफायलिन मोजले. तेव्हा असे आढळले, की या प्रतिजैविकामुळे थिओफायलिन शरीरातून निघून जाण्याचा वेग सुमारे निम्म्यावर येतो. रोगी तेवढ्याच गोळ्या घेत असे. पण रक्तात औषध दुपटीच्या जवळपास साचत असे. दुसरा धागा १९८० साली झेफ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडविला. मेथिलप्रेड्निसोलोनचीही तीच गत होत होती. त्याचा बाहेर पडण्याचा वेग निम्म्याहून खाली उतरे. प्रेड्निसोलोनवर मात्र प्रतिजैविकाचा असा परिणाम होत नसे. चमत्काराचा उलगडा झाला. प्रतिजैविकाने दमा बरा केला असे म्हणण्याला फारसा आधार उरला नाही. ते स्टेरॉइडाला शरीरात अधिक काळ अडकवून ठेवीत होते. डॉक्टर कागदावर मात्रा कमी लिहीत, आणि देहात ती जवळजवळ पहिल्याइतकीच राही. १९९३ साली दोन वर्षांच्या काळजीपूर्वक तुलनेनंतर असे सिद्ध झाले, की या उपायाने स्टेरॉइडाचा आकडा खाली येतो, पण स्टेरॉइडाचे अपाय कमी होत नाहीत. दागिना तोच, वजनकाटा तेवढा बदलला, असा हा प्रकार होता.

हे कसे घडते ते समजण्यासाठी यकृताकडे वळावे लागते. शरीरात आलेले पुष्कळसे औषध जसेच्या तसे बाहेर पडू शकत नाही. त्याचे रूप पालटून त्याला पाण्यात मिसळेल असे करावे लागते, आणि हे काम यकृतातील काही विकरे करतात. १९५८ साली या विकरांचा माग एका रंगद्रव्याच्या रूपाने लागला, आणि १९६० नंतरच्या काळात ओमुरा आणि सातो या जपानी शास्त्रज्ञांनी त्याचे स्वरूप स्पष्ट करून त्याला सायटोक्रोम पी-४५० असे नाव दिले. ही विकरे म्हणजे देहरूपी वाड्याच्या मोऱ्या होत. वाड्यात बिऱ्हाडे अनेक, पण मोऱ्या थोड्या. एका बिऱ्हाडाने मोरीत चिंधी अडकविली, की दुसऱ्याच्या दारात पाणी तुंबते. आणि ज्याच्या दारात तुंबले, त्याचा अपराध काहीच नसतो. ट्रोलिअँडोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन यांचे विघटन होताना जे द्रव्य तयार होते, ते विकराला घट्ट चिकटून बसते आणि त्याला काही काळ निकामी करते. मोरी तुंबते ती अशी.

पण ट्रोलिअँडोमायसिन थोड्यांच्या वापरातले होते. एरिथ्रोमायसिन मात्र घरोघर पोचलेले. त्याच्याविषयीची पहिली शंका १९७७ सालीच व्यक्त झाली. तरी ती निश्चित होण्यास पुढे काही वर्षे लागली. कोणाला परिणाम आढळला, कोणाला आढळला नाही. याचे एक कारण असे, की परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाही. काही दिवस औषध पोटात गेल्यावर दिसतो. १९८१ च्या सुमारास निरनिराळ्या ठिकाणच्या मोजमापांतून ठरले, की एरिथ्रोमायसिनने थिओफायलिनचा निचरा सरासरीने सुमारे पाव हिश्शाने मंदावतो. ज्याचे माप आधीच काठोकाठ आहे, त्याला एवढे पुरे होते. शिवाय एरिथ्रोमायसिनने पोट बिघडते, हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे रोग्याने मळमळते म्हटले की प्रतिजैविकावर बोट ठेवले जाई, आणि रक्तात साचत चाललेले थिओफायलिन नामानिराळे राही.

याहून मोठा गोंधळ तापाने केला. १९८० साली अमेरिकेतील सिॲटल शहराच्या परिसरात इन्फ्लुएन्झाची साथ आली. त्या साथीत अकरा दमेकरी मुलांना थिओफायलिनची विषबाधा झाली. ही मुले तीच मात्रा कित्येक दिवस सुखरूप घेत होती. अशा विषाणुजन्य तापातच यकृताचे काम मंदावते आणि थिओफायलिन साचते, ही गोष्ट १९७८ पासून दिसू लागली होती. या साथीने ती डोळ्यांपुढे उभी केली. आता विचार करावा. ताप आल्यावर मोरी आपोआप अरुंद होते. ताप आला म्हणूनच प्रतिजैविक दिले जाते. आणि ते प्रतिजैविक उरलीसुरली वाटही अडविते. ज्या घटकेला दमेकऱ्याला सर्वाधिक जपावयास हवे, त्याच घटकेला दोन्ही संकटे हातात हात घालून येतात. आणि गंमत अशी, की विषाणूंच्या तापावर प्रतिजैविकाचा मुळीच उपयोग नसतो.

हे सर्व उलगडत असतानाच एक नवे कूळ पुढे आले. १९६२ साली मलेरियावरील क्लोरोक्विन तयार करताना मिळालेल्या एका उपपदार्थाच्या अभ्यासातून नॅलिडिक्सिक ॲसिड हे औषध निघाले होते. त्याच्या वंशात १९८० नंतर एनॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन ही जोमदार औषधे जन्मली. त्यांना क्विनोलोन म्हणतात. १९८४ साली नेदरलंड्समधील वाइनांड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला सावध केले, की एनॉक्सॅसिन दिल्यावर रक्तातील थिओफायलिन भरमसाट वाढते. त्यांनी तेथेच न थांबता या कुळातील एकेका औषधाची परीक्षा घेतली आणि १९८६ साली निकाल प्रसिद्ध केला. एनॉक्सॅसिनने थिओफायलिनचा निचरा सुमारे दोन तृतीयांशाने घटतो, सिप्रोफ्लॉक्सॅसिनने सुमारे तीस टक्क्यांनी, आणि ऑफ्लॉक्सॅसिनने जवळजवळ मुळीच नाही. एकाच आईची लेकरे, पण स्वभाव निराळे. म्हणून कुळावरून औषधाची पारख करता येत नाही. ज्याचे त्याचे नाव विचारावे लागते. पुढे कळले, की ही औषधे थिओफायलिनच्या नेमक्या मुख्य मोरीलाच अडवितात. कॉफीतील कॅफीनही त्याच मोरीने जाते. म्हणून सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेणाऱ्याला नेहमीच्याच कॉफीने धडधड होऊ शकते.

इशारा १९८४ सालचा. पण इशारा छापला जाणे आणि तो डॉक्टरांच्या लेखणीपर्यंत पोचणे यांत मोठे अंतर असते. १९८८ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका मृत्यूची नोंद आली. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि थिओफायलिन यांच्या गाठीमुळे तो ओढवला असावा, असा त्या नोंदीचा निष्कर्ष होता. पुढे अमेरिकेत सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या माहितीपत्रकात या जोडीमुळे गंभीर आणि प्राणघातक परिणाम झाल्याचा इशारा ठळक अक्षरांत छापावा लागला. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की कोणतेही औषध भेसळीचे नव्हते, कोणतीही मात्रा पुस्तकाबाहेरची नव्हती. दोघांनाही स्वतंत्रपणे निर्दोष ठरविले गेले होते. दोष होता तो त्यांना एकत्र पाहण्याची सवय नसण्याचा.

मोरी तुंबविणारी औषधे असतात, तशी नव्या मोऱ्या खणणारीही असतात. क्षयावरील रिफॅम्पिसिन हे त्यांतले प्रमुख. १९६८ पासून वापरात आलेले हे औषध यकृतातील विकरे वाढविते. परिणाम असा, की थिओफायलिन आणि स्टेरॉइड दोन्ही झपाट्याने वाहून जातात. १९८३ साली मोजल्याप्रमाणे रिफॅम्पिसिन घेणाऱ्याच्या रक्तात प्रेड्निसोलोन नेहमीच्या सुमारे एक तृतीयांशच उरते. अशा वेळी विषबाधा होत नाही. पण दमा उसळतो, आणि औषध लागू पडेनासे झाले असे वाटते. भारतासारख्या देशाला ही बाब विशेष लागू आहे. कारण जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश येथे आहेत, आणि क्षय व दमा एकाच छातीत नांदू नयेत असा काही नियम नाही. उपचार संपून रिफॅम्पिसिन बंद झाले, की मोऱ्या पुन्हा अरुंद होतात, आणि मधल्या काळात वाढविलेली मात्रा मग जड होते. विडी-सिगारेटच्या धुराचीही हीच करामत. धूम्रपान करणाऱ्याचे थिओफायलिन लवकर निघून जाते, हे १९७५ पासून ठाऊक आहे. म्हणून असा माणूस रुग्णालयात आला आणि त्याची विडी सुटली, तर ती सुटणे इष्टच. पण डॉक्टरांनी त्याबरोबर औषधाची मात्राही पाहिली पाहिजे.

आज दम्याच्या उपचाराची दिशा पालटली आहे. १९६९ साली सालब्युटामॉल आणि १९७२ साली बेक्लोमेथासोन हे श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड आले, आणि औषध पोटातून रक्तात न पाठविता थेट श्वासनलिकेत पोचविण्याचा मार्ग रूढ झाला. थिओफायलिनचा मान त्यामुळे उतरला. परंतु ते नाहीसे झालेले नाही. भारतात थिओफायलिनच्या गोळ्या अद्याप विकल्या जातात, त्या स्वस्त आहेत, आणि पंपाला बिचकणारी माणसे त्या पसंत करतात. पंपाची औषधेही या नियमातून सर्वस्वी सुटलेली नाहीत. फ्लुटिकासोन आणि सालमेटेरॉल यांचा निचरा ज्या विकराने होतो, त्याला क्लॅरिथ्रोमायसिन अडविते. म्हणून त्यांच्या माहितीपत्रकांतही सावधगिरीची सूचना असते. मोऱ्या बदलल्या, तरी वाडा तोच आहे.

मग सामान्य माणसाने काय करावे? विकरांची नावे पाठ करणे हे त्याचे काम नव्हे. त्याचे काम एवढेच, की डॉक्टर पालटला, गाव पालटले, तरी आपण रोज कोणती औषधे घेतो हे प्रत्येक डॉक्टरला न विचारता सांगावे. गोळ्यांचे पाकीट दाखविले तर आणखी बरे. कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरकडे गेले, तरी दम्याची गोळी सांगितली पाहिजे. कारण कानासाठी दिलेले प्रतिजैविकही त्याच यकृतातून जाणार असते. चिठ्ठीवाचून दुकानातून प्रतिजैविक आणण्याची जी सवय आपल्याकडे आहे, तिचा एक धोका जंतू निर्ढावण्याचा, हे आता पुष्कळांना कळले आहे. दुसरा धोका हा औषधांच्या गाठीचा, तो मात्र अजून फारसा बोलला जात नाही. दम्यावरच्या बिननावाच्या पुड्या घेणाऱ्याची तर याहून वाईट स्थिती. पुडीत काय आहे हेच ठाऊक नाही, तर डॉक्टरला सांगणार काय? आणि प्रतिजैविक सुरू केल्यावर मळमळ, कंप, धडधड, निद्रानाश यांपैकी काही जाणवले, तर औषध मनाने थांबवू किंवा वाढवू नये. त्याच दिवशी डॉक्टरला गाठावे. थिओफायलिन रक्तात किती आहे हे तपासता येते, आणि निचरा कमी न करणारे दुसरे प्रतिजैविक बहुधा मिळू शकते. हाती येऊ शकणारे संकट आहे, म्हणूनच त्यात दुर्लक्ष क्षम्य नाही.

प्रतिजैविकाने दमा हटावा ही जुनी आशा डेन्व्हरच्या उलगड्यानंतर मावळली होती. पण ती कायमची बुडाली नाही. मॅक्रोलाइड कुळात ॲझिथ्रोमायसिन नावाचे एक औषध आहे. १९८० साली झाग्रेब येथे ते शोधले गेले, आणि ते विकरांना ट्रोलिअँडोमायसिनसारखे चिकटत नाही. दमा ऐन भरात असताना ते दिल्याने लाभ होतो की काय हे पाहण्यासाठी ब्रिटनमध्ये एक चाचणी झाली. तिचा निकाल २०१६ साली आला. लाभ आढळला नाही. आणि त्या चाचणीने दुसरेच एक सत्य दाखविले. त्यासाठी ४५८२ रोगी पाहिले, आणि घेता आले ते केवळ १९९. कारण त्यांतील फार मोठ्या संख्येला आधीच कोणी ना कोणी प्रतिजैविक दिलेले होते. उलट २०१७ साली ऑस्ट्रेलियातील ४२० रोग्यांच्या चाचणीत, बराच काळ आठवड्यातून तीनदा ॲझिथ्रोमायसिन दिल्याने दम्याचे झटके कमी झाले. हा गुण स्टेरॉइड अडकवून ठेवल्याने आला असे म्हणता येत नाही. म्हणून तो अधिक विश्वासार्ह आहे. तरीही जंतू निर्ढावण्याच्या भीतीमुळे तो उपाय निवडक रोग्यांपुरता आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच ठेवला जातो.

ट्रोलिअँडोमायसिनने गुण येतो, असे १९५९ साली दिसले. तो गुण का येतो, हे १९८० साली कळले. मधली एकवीस वर्षे ज्यांनी ते औषध दिले ते अडाणी नव्हते, आणि लबाडही नव्हते. त्यांनी रोगी बरा वाटतो हे पाहिले आणि तेवढ्यावर समाधान मानले. ज्यांनी रक्त काढून मोजले, त्यांनी मात्र हजारो दमेकऱ्यांना एका अदृश्य अपघातापासून वाचविले. गुण आला म्हणजे कारण कळले असे नव्हे, आणि दोन चांगल्या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे बेरीज चांगलीच होते असेही नव्हे. यकृताला औषधाची कीर्ती कळत नाही. दारात कोण कोण उभे आहे, एवढेच ते जाणते. ते आपल्या डॉक्टरांनाही कळावे, एवढी तजवीज रोग्याच्या हातात आहे.